आष्ट्याच्या कर्ण्यावरचा निरोप

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. चिंचेवर हडळ बसते म्हणून मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर न पडणाऱ्या मुलींना मी हाताला धरून त्याच चिंचेखाली नेलंय, वर डबाही तिथेच खायला लावलाय! तेव्हा भुताखेतांच्या या कॉलममध्ये माझं पत्र बघून माझ्या जुन्या विद्यार्थिनी हसतील. हसू देत. भर दुपारी माझ्या कानांनी जे ऐकलं तेवढंच लिहिते आहे... पटलं तर घ्या.

गोष्ट महायुद्धाच्या काळातली, आष्ट्याची. पेठेत एका सायकलवाल्या शेटजींनी दुकानाच्या माळवदावर मोठा कर्णा बसवला होता. खाली दुकानात ग्रामोफोन, माइक आणि ते सगळं चालवायला मोटारीची बॅटरी. बाजारादिवशी कर्णा बोलायचा आणि अख्खं गाव त्याला 'आष्टा रेडिओ' म्हणायचं. बोलायचं काम माझ्या थोरल्या भावाकडे — दादाकडे. त्याचा आवाज असा, की वांग्याचा भाव सांगितला तरी बायका पदर सावरून ऐकायच्या.

सुरुवातीला नुसत्या रेकॉर्डी असायच्या आणि मध्ये मध्ये जाहिराती — कापडवाल्याची, चहावाल्याची, केसांच्या तेलाची. रेकॉर्डी सगळ्यांना पाठ झाल्या तेव्हा शेटजींनी सांगलीचे गुळाचे नि हळदीचे भाव सुरू केले. मग लढाई पेटली. शेटजींकडे एक खराखुरा रेडिओसेट होता, त्याच्यावर ऐकलेल्या बातम्या दादा कर्ण्यावर सांगू लागला. बेचाळीसच्या धामधुमीत फौजदार आला आणि बातम्या बंद पाडून गेला. झालं, पुन्हा त्याच रेकॉर्डी! गर्दी पांगली, जाहिरातवाले कुरकुरू लागले... आणि दादाने 'फौजी निरोप' काढले.

आमच्या भागात घरटी एक माणूस पलटणीत. दादा सांगायचा, जवानांचे निरोप सरकारी रेडिओवर येतात, ते मी उतरवून घेतो. 'अमक्या गावच्या तमक्यांस कळवतो, मी खुशाल आहे, म्हशीला जपा.' बायका भाजीची पाटी शेजारणीवर सोपवून कर्ण्याखाली येऊन बसू लागल्या.

मीही बसायचे, पहिल्या रांगेत. आमचे हे ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर होते. सासू-सासरे नव्हते, म्हणून जाताना मला दादाकडे ठेवून गेले. त्यांची पत्रंसुद्धा दादाच्या नावावर, दुकानाच्या पत्त्यावर यायची. पुढे पत्रं थांबली. निरोप मात्र थांबले नाहीत. दर दुसऱ्या बाजाराला — 'सौ. इंदूबाईंस कळवतो, मी सुखरूप आहे.' मी ठेवणीतलं लुगडं नेसून जायचे. "काय गं इंदे, काय म्हंत्यात कारभारी?" म्हणून बायका कोपरखळ्या मारायच्या आणि मी लाजायचे. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती. ह्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी सातवी पास, ह्यांच्या लिहिण्यातल्या चुका काढायचे, म्हणून खोलीचं दार लावलं की म्हणायचे 'मास्तरीणबाई'. ते फक्त खोलीत. पत्रात नाही, कारण पत्र दादा आधी फोडणार. दादा-वहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. कर्ण्यावर 'इंदूबाई' आलं की मला वाटायचं, चारचौघांत लाजत असतील. मीच खुळी!

त्या दिवशी बाजार नव्हता. दादा बॅटरी चार्ज करायला सकाळच्या गाडीने सांगलीला गेला होता. शेटजी माधवनगरला लेकीकडे, दुकान बंद. मी वहिनीची चोळी शिवायला टाकायला अमीनचाचांकडे गेले होते. त्यांचं शिंप्याचं दुकान शेटजींच्या दुकानाला लागून, कर्ण्याच्या तोंडाखालीच. दुपारचे बारा वाजून गेले असतील. चाचा सुईत दोरा ओवत होते, तेवढ्यात कर्णा खरखरला...

"मास्तरीणबाई, वाट बघू नगंस. मी न्हाई येत आता. कागद पाव्हण्यांच्या ट्रंकेत हाय, पटक्याखाली."

आवाज दादाचा होता. शंकाच नाही, जन्मापासून ऐकलेला. पण दादा कर्ण्यावर असा बोलत नसे, तिथे त्याची भाषा एकदम पुस्तकी. आणि दादा स्वतःला 'पाव्हणं' कशाला म्हणेल? तसं तर हे त्याला म्हणायचे.

चाचांच्या हातातला दोरा तसाच राहिला. "तुज्या भावाचाच आवाज हाय की पोरी," ते म्हणाले. "पर त्यो तर सांगलीला गेलाय न्हवं?"

"तुमी काय ऐकलंत, चाचा?"

त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. वर "मास्तरीणबाई कोन गं?" असंही विचारलं. मग ते उठले, शेटजींच्या दुकानाचं कुलूप हलवून बघितलं. कुलूप घट्ट होतं.

घरी जाऊन मी दादाची ट्रंक उघडली. पटक्याखाली इंग्रजी कागद होता, सरकारी शिक्क्याचा. मला इंग्रजी येत नव्हतं. तशीच पोस्टात गेले. पोस्टमास्तरांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "आवं बाई, हे तर मीच तुमच्या भावाच्या हातात दिलंय. आठ म्हैने झालं. त्यांनी तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

हे लढाईत गेले होते. आठ महिने मी विधवा होते, आणि आठ महिने मी कर्ण्याखाली बसून लाजत होते.

संध्याकाळी दादा बॅटरी घेऊन आला. मी कागद पुढे धरला. तो उंबऱ्यातच बसला.

"एक बाजार जाऊ दे म्हनलं, मग सांगतो," तो म्हणाला. "मग दुसरा आला..."

"आनि बाकीच्यांचे निरोप?"

"समदं माज्या मनचं. सरकारी रेडिओवर आपल्या गावाचं नाव कशाला येतंय?"

"मग मला पहिल्या रांगेत का बसवायचास, दादा?"

तो बॅटरीच्या कडीशी चाळा करत राहिला. शेवटी म्हणाला, "तू हसलीस की बाकीच्या बायकास्नी बी खरं वाटायचं गं. सख्खी भैन बसलीया म्हनल्यावर कोन शंका घिनार?"

माझ्या सुखाची त्याने जाहिरात केली होती. तेलाची करायचा तशी.

पुढच्या बाजाराला मी त्याच्या हातातून माइक घेतला आणि सांगून टाकलं — फौजी निरोप खोटे आहेत, आमचे हे गेले, तुमच्या माणसांची चौकशी पोस्टात करा. बाहेर आले तर एका बाईने पायताण भिरकावलं... दादाला नाही, मला! तिला तिच्या लेकाचा निरोप हवा होता. मी तिला दोष देत नाही.

आष्टा रेडिओ तिथेच संपला. शेटजी कर्णा लग्नाच्या मांडवांना भाड्याने देऊ लागले आणि मी साताऱ्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. दादाच्या घरी पुन्हा जेवले नाही.

माझा भाचा इंजिनिअर आहे. तो म्हणतो, कर्ण्याच्या तारेत कुठलं तरी स्टेशन घुसलं असेल. बॅटरीशिवाय? दादाच्या आवाजात? दादा त्या वेळी सांगलीतच होता, बॅटरीवाल्याच्या बाकावर बसून. ते मी स्वतः जाऊन विचारून आले. 'मास्तरीणबाई' हा शब्द माझ्या तोंडून ऐकला तेव्हा दादाचाही चेहरा पांढरा पडला होता. याहून पुढे मला आजवर काही कळलेलं नाही, आणि खरं सांगू, आता कळावं असंही वाटत नाही.

मला उत्तर हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तो कागद दादाच्या हाती पडला त्यानंतर चार-सहा दिवसांनी संक्रांत होती. दारात कासार आला. माझ्या बांगड्या धड होत्या, मी नको म्हणत होते. दादाच म्हणाला, "भर की इंदे, कारभारी खुशाल हाय तुजा." हिरव्या बांगड्या त्यानेच निवडल्या. हात दुखतो म्हणून मी आखडून घेत होते, तर माझं मनगट धरून समोर बसला, दोन्ही हात भरून होईस्तोवर.

पुढे एकदाच मी त्याला विचारलं, "दादा, तवा तुजा हात कसा कापला न्हाई रं?"

तो उठून बाहेर निघून गेला.