आईचा विश्वास मोजणाऱ्या बाई

मंडळींनो, आज संध्याकाळी आमच्या डोंबिवलीच्या घरी प्रार्थनासभा होती आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आईचं डायलिसिस चालू आहे. आज सकाळीच करून आलेली, तरी हट्टाने सगळ्यांसाठी चहा टाकला. तोच चहा पिता पिता चर्चमधल्या एक बाई तिला म्हणाल्या, "ताई, आम्ही एवढी प्रार्थना करतोय, तरी गुण नाही. तुमचाच विश्वास कुठेतरी कमी पडतोय."

मी उठणार, तेवढ्यात आईने माझा हात दाबला.

मग सभा घेणाऱ्यांनी सगळ्यांना प्रार्थनेचे विषय विचारले, म्हणजे कोणासाठी काय मागायचं ते. ह्याच बाईंनी मुलाच्या नोकरीचा विषय दिला. त्याच्यासाठी प्रार्थना कोणी केली? आईनेच. त्याचं नाव घेऊन, अगदी मनापासून.

सगळे गेल्यावर मी भडकलेच. आई एवढंच म्हणाली, "अगं, बरं केलंस तरच मी तुझी, असं मी प्रभूला कधी म्हटलंय का?"

बाई, तुम्हीही या ग्रुपवर आहात, म्हणून इथेच विचारते. उद्या तुमच्या मुलाला नोकरी नाही लागली, तर कोणाचा विश्वास कमी पडला म्हणणार आहात?