जळकी मुळं

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मी उगवण तपासायचं काम करते. कपाशीचं बी ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचं, काही दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि एकेक कोंब पाहून चांगला की खराब ते सांगायचं. आम्ही सहा जणी. सगळ्यांत जुन्या होत्या त्यांना आम्ही मोठ्या ताई म्हणायचो. आधी त्या बोलायच्या, मग बाकीच्या.

माझं तेव्हा दुसरं वर्ष. एका लॉटची गुंडाळी उलगडली, तर मुळांची टोकं तपकिरी होऊन आखडलेली. मोठ्या ताई म्हणाल्या, "चांगलाय लॉट." चौघी ओळीनं "चांगला" म्हणाल्या. मी म्हणाले, "ताई, मुळं जळाल्यासारखी दिसतात. मी खराब धरते."

"एवढ्या जणींना दिसून राह्यलं, ते तुलाच न्हाई दिसत?"

चौघी हसल्या. लॉट चांगला लिहिला गेला. पण साहेबांनी तो दुसरीकडे पुन्हा तपासून घेतला आणि तिथं तो बाद झाला. मोठ्या ताईंना साहेबांच्या खोलीत उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "आत जाऊन कोणी लावालावी केली, ते बराबर समजतंय मला."

मी साहेबांशी एक शब्दही बोलले नव्हते. पण दुपारी जेवायला सतरंजी अंथरली, तेव्हा पाच जणी अशा बसल्या की सहावीला जागाच राहिली नाही. मी टेबलावर एकटी जेवले. असे पाच महिने गेले. मी आत आले की बोलणं थांबायचं. माझ्या हातून काचेची बशी फुटली तर "घमेंडीत हात थाऱ्यावर न्हाई", त्यांच्या हातून फुटली तर "फरशी ओली होती".

सगळ्यांत जास्त लागलं ते त्या चौघींतल्याच माझ्या मैत्रिणीचं. ती माझ्याच गावची, पिंपळगावची. रोज आम्ही एकाच रिक्षानं यायचो. एकदा रिक्षात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा ती म्हणाली, "मुळं मलाबी जळकीच दिसल्ती गं. पण सगळ्या चांगली म्हणल्या, मंग मी काय करू?"

ताईंपेक्षा तिचा राग मला जास्त आला.

त्या वर्षी मी बाहेरून बी.ए. करत होते. विषय मानसशास्त्र. समूहावरचा धडा वाचताना मला आमची खोलीच दिसत होती. चारचौघांत माणूस डोळ्यांना दिसलेलं गिळतो आणि सगळे म्हणतील ते म्हणतो. दुसऱ्याची चूक हा त्याचा स्वभाव ठरवतो, आपली चूक परिस्थितीवर ढकलतो. हे समजून मन निवळायला हवं होतं. माझं निवळलं नाही. मला त्यात हत्यार दिसलं.

एक गोष्ट मला कळली होती. मोठ्या ताईंना जवळचं दिसेनासं झालं होतं. फोन त्या हात लांब करून वाचायच्या. चष्मा लावला तर तपासणीतून काढतील, अशी त्यांना भीती असावी. मी त्यांना बाजूला घेऊन बोलू शकले असते. पण मी संधीची वाट पाहत थांबले.

मुख्य कार्यालयातून एक मॅडम पाहणीला आल्या. कामात काही सुधारणा सुचते का, म्हणून त्यांनी विचारलं. मी शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्रत्येकीनं वेगवेगळं बसून चांगले कोंब किती, तो आपला आकडा चिठ्ठीवर लिहावा. एकमेकींचं ऐकू नये."

मॅडमनी लगेच एक गुंडाळी उलगडायला लावली. पाच चिठ्ठ्या जवळपास सारख्या निघाल्या. मोठ्या ताईंची पार वेगळी. मॅडमनी त्यांना एक कोंब हातात देऊन विचारलं, "याचं टोक कसं आहे?" ताई तो लांब धरून पाहत राहिल्या. मी त्यांच्याकडे डोळे भरून पाहून घेतलं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सतरंजीवर मला जागा झाली. ताई खिडकीपाशी उभ्यानं जेवल्या. कोणी त्यांना बोलावलं नाही. मीही नाही. पंधरा दिवसांनी त्यांना पॅकिंगला पाठवलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "माझ्या डोळ्यांचं तुला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"आणि मला सांगितलं न्हाई."

"साहेबांना मी काहीच सांगितलं नव्हतं, ताई. तरी पाच महिने एकटी जेवले."

त्या पिशवी उचलून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी रिक्षात मैत्रीण सुरू झाली, "म्हातारी होतीच तशी, मला आधीपासून माहीत होतं." तिच्या तोंडी ताईंबद्दल तेच शब्द होते, जे पाच महिने माझ्याबद्दल असणार. पुढच्या महिन्यात एका टेबलावर कोणी कोणाबरोबर बसायचं, अशा जोड्या साहेबांनी लावायला घेतल्या. मी म्हणाले, कोणीही चालेल, ती नको. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही.

ती आता पलीकडच्या टेबलावर बसते. मी अर्धा तास आधीची रिक्षा पकडते.