चंद्राक्कांचं ऊन

कुणाच्याही घरी गेल्यावर चंद्राक्का आधी अंथरुणात हात घालायच्या. यजमान 'बसा' म्हणेपर्यंत त्यांचा हात गादी आणि पांघरुणाच्या मध्ये कोपरापर्यंत गेलेला असायचा. डोळे मिटून त्या जराशा थांबायच्या आणि निकाल द्यायच्या, "गार हाय." मग चहा. घरच्या बाईचा चेहरा पडला तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. एका लग्नघरात नवरा-नवरीसाठी सजवलेल्या पलंगातही त्यांनी असाच हात घातला होता म्हणतात. मी तिथं नव्हतो, पण ही गोष्ट खोटी असेल असं मला वाटत नाही.

आम्ही या इमारतीत आलो ते केवळ लिफ्टसाठी. माझी बायको सुनंदा हिला अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली आणि जुन्या घराचा जिना आम्हाला परका झाला. शाहूपुरीतलं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान पुतण्यावर सोपवून मी घरी बसलो. बसलो म्हणायचं आपलं. बसायला मिळत कुठं होतं? नव्या घरात सामान लावून व्हायच्या आतच समोरच्या दारातून चंद्राक्का आत आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र तीन मजले ऐकू जाईल असा. कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. माहेरी कानडी, सासरी मराठी. नवरा वारलेला, मुलगा बेंगळुरूला नोकरीत, त्या इथं एकट्या. "पावणं, कुठलं तुमी?" असं मला विचारत त्या सरळ सुनंदाच्या खाटेशी गेल्या आणि हात घातला.

"गार हाय. ओलसर बी हाय. ह्या पोरीला झोप तरी कशी लागत आसंल?"

झोप लागतच नव्हती. सुनंदाचं डावं अंग थंडीच्या दिवसांत बर्फासारखं पडायचं. जीभ जड झाली होती, बोलणं कळायचं नाही, पण एक शब्द तिला तेव्हाही नीट म्हणता यायचा : "थंडी." मी उठायचो, पांघरूण सारखं करायचो, पडायचो. डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा "थंडी." गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली, तर पोटरीवर भला मोठा फोड आला आणि तिला पत्ताच नाही. त्या बाजूला थंडी तेवढी वाजायची, चटका मात्र कळायचा नाही. डॉक्टरांनी पिशवी बंद केली. लेकीनं पुण्याहून विजेवर तापणारी चादर पाठवली होती, ती त्यांनी खोक्यातून बाहेरच काढू दिली नाही. जिला भाजलेलं कळत नाही, तिचं अंथरूण ऊबदार करायचं कसं? माझ्यापुढं तेव्हा जगात हा एकच प्रश्न होता, आणि त्यानं माझी हाडं खिळखिळी केली होती.

हे सगळं चंद्राक्कांना सांगितलं, तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"ऊन हाय की वो वर! उन्हात घातलेल्या गादीनं कुणाला फोड आलेला बघितलायसा काय कदी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गच्चीवर नेलं. लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच, पुढं जिना. आमची फोमची गादी मी घामाघूम होऊन वर नेली, तर त्यांनी ती एका हातानं उचलून बाजूला टाकली. "ही लबाड माणसावानी हाय. वरनं गरम, पोटात कायबी न्हाय. कापूस पायजे. कापूस ऊन धरतो." मग ओळखीच्या गादीवाल्याकडून पातळशी कापसाची गादी भरून आणली, ती फोमच्या वर घालायची. सोबत जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळा त्यांनी स्वतःच्या ट्रंकेतून काढून दिल्या. सकाळचं दहिवर सुकलं की सगळं उन्हात घालायचं, दुपारी उलटायचं आणि ऊन कलायच्या आत गोळा करायचं. तापलेली बाजू आत घेऊन घडी घालायची, वरून घोंगडं लपेटायचं आणि निजायच्या वेळेपर्यंत ती घडी उलगडायची नाही. मी एकदा उत्सुकतेनं कोपरा उचलून बघायला गेलो, तर हातावर चापट बसली. "झाका ते! समदं ऊन सांडंल."

त्या जैन, दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायच्या. त्यामुळं दुपारनंतर त्यांची दुहेरी धांदल चालायची. "गादी आन् ताट, दोन्ही उजेडात आटपायचं," असं म्हणत त्या जिना उतरायच्या.

पहिल्या रात्री सुनंदा त्या अंथरुणात शिरली आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या माझ्या डोळ्यांदेखत विरल्या. ती झोपली. मी मात्र "थंडी" ऐकायला कान लावून सवयीनं जागाच राहिलो. सकाळी चंद्राक्का आल्या, सुनंदाकडं नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "झोपलीया. गार अंथरुणात माणूस झोपत न्हाय पावणं, नुस्तं पडून ऱ्हातंय."

पण रोज सुनंदाला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं, गादी वर न्यायची, आणायची, पुन्हा तिला झोपवायचं, हे सोपं नव्हतं. माझंही वय साठीला आलेलं, कमरेचा त्रास जुना. एकदा मी वैतागून म्हणालो, "आक्का, आज राहू दे. दमलोय मी. ती पडून आहे तर पडू दे की दिवसभर."

"दमलायसा, खरं हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पर अंथरूण उन्हात जायचं तर माणसानं अंथरुणातनं उठायलाच पायजे. तिला उटवायला मला दुसरं निमित्त घावत न्हाय. तुमाला घावतंय काय?" आणि त्यांनीच वाकून गादीचं एक टोक धरलं. आजारी माणसाच्या घरात उपदेश करणारे पुष्कळ येतात. गादीचं दुसरं टोक धरणारं माणूस मला तेवढं एकच भेटलं. मी फार थकलेला होतो, म्हणून कदाचित त्या वेळी मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं नाही, किंवा बघून न बघितल्यासारखं केलं.

गच्चीवरचं राज्य त्यांचंच होतं. वरच्या मजल्यावरचे एक साहेब सकाळी तिथं योगासनं करायचे. उन्हाची जागा गाद्यांनी अडते अशी त्यांची तक्रार आली. चंद्राक्का म्हणाल्या, "तुमी सावलीत बी वाकशीला की. गादी सावलीत तापत न्हाय." साहेब टाकीच्या सावलीत वाकू लागले.

इतके दिवस त्या आमच्या घरात येत-जात होत्या, पण मी त्यांच्या घरात कधी गेलो नव्हतो. एका संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो. स्वच्छ, मोकळी खोली. खाट नाही, गादी नाही, कोपऱ्यात गुंडाळलेली एक चटई आणि वर एक विरलेली शाल. मी विचारलं, "आक्का, तुमचं अंथरूण कुठं आहे?"

"हे काय की."

नवरा गेल्यावर त्यांनी जैन मुनिमहाराजांपुढं नेम घेतला होता, जन्मभर गादीवर निजायचं नाही. मग त्याच पुढं म्हणाल्या, "मालक दवाखान्यातच गेले. ऐन थंडीत, रेग्झिनच्या गादीवर. पाठीखाली हात घातला तर फरशी बरी म्हणायची, आसं गार. आधीच घालून बघाय पायजे हुता की वो हात. म्या आपली उशाला बसून औषधंच मोजत ऱ्हायले."

"पण मग तुम्हाला थंडी वाजत असेल."

"वाजतीया की. थंडी वाजू ने म्हणून कोण नेम धरतंय व्हय?"

मी म्हणालो, निदान चटई तरी उन्हात घालू. त्या मोठ्यानं हसल्या. "चटई ऊन धरत न्हाय, पावणं. जिना उतरूस्तवर समदं संपतंय."

गेल्या हिवाळ्यात त्यांना खोकला धरला आणि ताप हटेना. मुलगा बेंगळुरूहून आला. डॉक्टर घरी येऊन सांगून गेले, छाती भरली आहे, जमिनीवर निजू देऊ नका. दवाखान्यात जायला त्या तयार नव्हत्या आणि गादीवर यायलाही. मुलानं हात जोडले तर म्हणाल्या, "साकु." पुरे झालं. तो मुलगा जिन्यात येऊन माझ्याजवळ रडला. "काका, तुमचं ऐकेल ती." माझं तरी कशाला ऐकणार? समजूत घालण्याइतकं बळ माझ्यात उरलंही नव्हतं. मी फक्त आत गेलो, त्यांना आधार देऊन खिडकीशी बसवलं, चटई उचलली आणि गच्चीवर नेली. दुपारभर उन्हात तापवली. मग छातीशी धरून, वरून घोंगडं लपेटून, या वयात जमेल तेवढ्या घाईनं खाली आलो. खोलीत येऊन अंथरली तेव्हा मी हात लावून बघितला. फरशीइतकीच गार होती.

चंद्राक्का खाली सरकल्या. चटईवर पंजा टेकला, डोळे मिटून जराशा थांबल्या.

"ऊन हाय की," त्या म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या.

आयुष्यभरात अंथरुणाच्या बाबतीत त्या एवढं एकदाच खोटं बोलल्या असतील, आणि ते माझ्यासाठी. मी रोज चटई वर नेत राहिलो. त्याच आठवड्यात, सकाळी उजाडताना त्या गेल्या.

सगळं उरकून दुपारी घरी आलो. आंघोळ केली. बेंगळुरूहून आलेल्या चंद्राक्कांच्या सुनेनं सुनंदाला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. मला बघून सुनंदा म्हणाली, "गादी." मी म्हणालो, "आज नको गं." ती पुन्हा म्हणाली, "गादी," आणि उजव्या हातानं चादर ओढू लागली. मी गादी खांद्यावर टाकली, वर नेली, पसरली. श्वास घ्यायला क्षणभर टेकलो. पाठीला ऊन लागलं. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन केव्हाच इमारतींच्या मागं गेलं होतं आणि माझ्याखालची गादी गारठली होती. कित्येक वर्षांत मी इतका झोपलो नव्हतो. घाईघाईनं गादी खाली आणली, पण आता घडी घालून तरी काय उपयोग? जेवण झाल्यावर सुनंदाला निजवलं आणि खरं ते सांगून टाकलं, "आज गार हाय गं. मी वरच झोपलो." आता "थंडी" येणार म्हणून मी वाट बघत उभा राहिलो.

उजव्या हातानं तिनं वाकळेची कड उचलली आणि उचलूनच धरली. ती आजारी पडल्यापासून, तिच्या अधू हातावर माझं अंग पडेल या भीतीनं मी खाली निजत आलो होतो. मी तिच्या डाव्या बाजूला, त्या गार बाजूला आत शिरलो. तिचा तो हात माझ्या छातीवर घेतला. तिनं वाकळ माझ्या खांद्यावर ओढली.

"झोप," ती म्हणाली.

मी झोपलो.