जड पातं

तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होता, म्हणून रिमोटची विमानं उडवणाऱ्या क्लबात सगळे त्याला कवळीकाका म्हणत. स्वतःचा एकही दात पडलेला नव्हता, तरी. विमानं उडवायचा त्याचा मोठा भाऊ. हा फक्त विमानांच्या नाकावरच्या लाकडी पंख्यांची पाती घासून दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या करून द्यायचा. भावाला तेवढा दम नव्हता. "घास की लवकर, अंधार पडेल," म्हणत डोक्यावर उभा राहायचा.

भाऊ मैदानावरच गेला. विमान उतरवलं, खुर्चीत टेकला, तो उठलाच नाही. पुढचं सगळं यानेच निस्तरलं आणि सुट्टी संपल्यावर निमूट कामावर गेला. जेवत होता, झोपत होता. आत काहीच हलत नव्हतं. एकदा आरशासमोर उभं राहून त्याने तोंड वाकडं करून पाहिलं. रडू आलं नाही.

वहिनीने विमानं क्लबातल्या एका शिक्षकाला देऊन टाकली. थोड्याच दिवसांत तो त्यातलं मोठं विमान घेऊन दारात हजर. "काका, पंखा मोडला. नवीन लावला, तर अख्खं विमान थरथरतंय. स्क्रू ढिले व्हायला लागलेत."

याने पंखा सळईत ओवला, सळई अडखळू नये म्हणून दोन चुंबकांच्या मधे अधांतरी ठेवली आणि पंखा आडवा धरून सोडला. एक पातं सावकाश खाली गेलं. त्याची पाठ पॉलिश पेपरने घासली, पुन्हा सोडून पाहिलं, पुन्हा घासली. शिक्षक बाहेर फोनवर बोलत होता. घाई करणारं कुणीच नव्हतं. त्याचा हात थांबला.

वहिनी चहा घेऊन आली. "काय झालं, भावजी?"

"वहिनी, मला रडू येत नाही हो."

ती समोरच्या स्टुलावर बसली. "मलाही नाही. कुणी भेटायला आलं की नाक ओढते, झालं."

त्याने पंखा पुन्हा आडवा धरून सोडला.

"आता कुठली बाजू जड आहे?" तिने विचारलं.

"डावी."

"मग घासा की. चहा गार होतोय."

पंखा शेवटी आडवा राहिला. संध्याकाळी विमान उडालं तेव्हा दोघं मैदानावर होते. आवाज एकसारखा येत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वहिनीनेही वाजवल्या.

पुढे क्लबातले लोक पंखे घेऊन घरी येत राहिले, तो घासून देत राहिला. मैदानावर मात्र दोघं परत गेले नाहीत.