संदीपने बाजूला काढलेले बाण

आज नातीच्या स्कूल प्रोजेक्टसाठी पिसं चिकटवत होते. ग्लूचा उग्र वास आला आणि इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकबाहेरचं आर्चरी क्लबचं ते ओलं मैदान आठवलं.

माझ्या नवऱ्याने, संदीपने, त्या सकाळी तशाच ग्लूने पिसं चिकटवलेले नवे बाण आणले होते. तो प्रत्येक बाण आधी तळहातावर फिरवून बघायचा, मग फोमच्या हरणावर सोडायचा. भरकटला की तो बाण बाद. त्या दिवशी एकामागून एक सगळेच बाद झाले.

"बॅचच खराब दिसतेय," तो म्हणाला.

आम्हा दोघांचं धनुष्य एकच. "थांब, मी बघते," म्हणत मी तेच बाण सोडले. सगळे हरणाच्या छातीत रुतले. मी आनंदाने हसत ओरडले, "अरे, बघितलंस? एकदम सरळ जातायत!"

"हो गं, सरळच आहेत," तो हळूच म्हणाला आणि त्याने दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले.

वर्षभराने डॉक्टरांनी त्याच्या हातांच्या थरथरीला आजाराचं नाव दिलं, तेव्हा कळलं की त्याला ते मैदानावरच उमगलं होतं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू किती खुश होतीस," तो म्हणाला.

संदीप जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती सकाळ आठवली की अजूनही आधी माझंच हसणं ऐकू येतं.