पिठीसाखरेतला ओलीबोल

विमानतळावर लेकीला मिठी मारली आणि मी हादरलेच. जाड कोटातूनही मुग्धाची हाडं हाताला लागत होती. नेदरलँडला आल्यापासून तिचं खाणं सुटत गेलं होतं. "उपचार चालू आहेत, आई," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाजारात एका गाडीवर ओलीबोल तळताना दिसले. आंबवलेल्या मैद्याचे, मनुका घातलेले गोळे, वर पिठीसाखर. नववर्षाच्या सुमारास इथे घरोघरी खातात म्हणे.

"मैदा, तेल, साखर," मुग्धा पुटपुटली. "पोषण शून्य."

मी पुढे निघाले. वळून पाहते तर ती गाडीपाशीच उभी, हातात कागदी पिशवी. तिने डोळे मिटून एक घास घेतला, मग दुसरा. मी रस्त्यातच थिजले. जन्मभर ज्या तेलकटाला मी नावं ठेवली, ते तिच्या ओठांवर चमकत होतं. पोषण नेमकं कशात असतं, कोण जाणे. पोटात जातं त्यातच ते असतं, एवढंच तेव्हा कळत होतं.

"गरम आहे गं," ती म्हणाली. "अर्धा तुला?"

"नको," मी म्हटलं. "तूच खा सगळा."