मागची सीट

दत्तू मिस्त्रीनं मला फसवलं. माझी एका सिलिंडरची जुनी मोटारसायकल त्यानं नव्यासारखी करून दिली, पण मागची सीट काढून टाकली. वर म्हणाला, "शेठ, मजुरीत एवढी घासाघीस केलीत, तेवढ्यात एकट्याचीच सीट बसते."

गाडी देखणी झाली, हे कबूल. हँडल रुंद, टाकी काळीभोर आणि धडधड पूर्वीचीच. सकाळी मिरजेहून सांगलीच्या दुकानाकडे निघालो की रस्त्याकडेची झाडं त्या ठेक्यावर मागं सरकतात आणि मी उगाचच खूश होतो.

आज बसथांब्यावर शिंदे मास्तर उभे होते. नऊ वर्षं ते माझ्या मागं बसून शाळेत गेले. आवाज ऐकताच त्यांनी सवयीनं पिशवी खांद्याला लावली, पाय पुढं टाकला, मग सीट बघून थांबले आणि हसले.

"जा शेठ, आता वळणावर कोणी शिकवणार नाही तुम्हाला."

हळू चालवा, हॉर्न वाजवा, गिऱ्हाइकावर ओरडू नका. नऊ वर्षं मी या माणसावर चिडलो. चिडायलाही हक्काचं माणूस लागतं, हे मला एकट्यानं गाडी चालवताना कळलं. गाडी हलकी पळते, पण सांगली येईपर्यंत मागून कोणी टोकत नाही.

तेव्हा दत्तू, संध्याकाळी तुझ्याकडेच येतोय. मजुरी तू म्हणशील ती. मास्तरांना बसवू कुठं, एवढ्याचं उत्तर तयार ठेव.